क्वार्ट्झचा दिवा

बालवाडीत आम्हाला गोल उभं करायचे.
अंगात फक्त चड्ड्या, डोळ्यांवर काळे चष्मे
केस ओढणाऱ्या रबरी पट्ट्यांचे.
मधोमध क्वार्ट्झचा दिवा,
आणि जवळच वीज पडून गेल्यासारखा वास.
बाई घड्याळ बघून म्हणायच्या, "वळा!"
तव्यावर धिरडं उलटावं तसे आम्ही वळायचो.
आधी छाती, मग पाठ.
मुर्मान्स्कच्या हिवाळ्यात ऊन असं
रेशनसारखं मिळायचं.

आता सत्तेचाळीस वर्षांची मी,
चार नंबरची ट्रॉलीबस चालवते.
डिसेंबरात शहराला सकाळ नसते,
दुपारी बाराला आभाळ थोडं शाईत पाणी मिसळल्यासारखं होतं
आणि लगेच विचार बदलतं.

"गळ्यातली ग्रंथी, फुलपाखराच्या आकाराची,"
डॉक्टर एल्मिरा तागिरोव्ना कागदावर काढून दाखवतात.
"तुमच्या रक्षकांना ती शत्रू वाटतेय."
म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं.
"आणि ड जीवनसत्त्व नऊ."
नऊ!
नऊ अंश म्हणजे आमचा बऱ्यापैकी जून,
मी क्षणभर खूशच झाले.

मग विचारलं,
हे जे होतंय,
डेपोत बस लावल्यावर वीस मिनिटं सीटवरून न उठणं,
एकच बटाटा हातात धरून बसणं, सोलायचा राहून जाणं,
लेकीचा फोन वाजून वाजून थांबला
की बरं वाटणं,
हे ग्रंथीमुळे, उन्हामुळे, की माझ्यामुळे?

त्यांनी चष्मा काढला.
"तिघं एकाच बाकावर बसलेत, रिम्मा.
कोण कुणाला ढकलतंय, आम्हालाही अजून नीट दिसत नाही."

हे उत्तर मला आवडलं.
बाकी सगळ्यांना पक्कं माहीत होतं.
शेजारच्या फाईनाला कॉडच्या यकृताचा डबा,
भावाला स्कीइंग.
गेन्नादीला, तिकडे बॅरेंट्स समुद्रात, ट्रॉलरवर,
एवढंच कळलं की माझा आवाज जड झालाय.
"सर्दी?" त्यानं विचारलं.
"सर्दी," मी म्हटलं.

पहाटे उपाशीपोटी पांढरी गोळी.
जेवताना थेंब, पावावर, तेलकट.
आणि रात्री ती तिसरी,
जिची डबी वरच्या फळीवरच्या कपात असते.
त्या कपातून कुणी चहा पीत नाही.

जानेवारीत, चढावर,
सगळी बस उजवीकडे कलली.
कुणीतरी म्हणालं, "थांबवा ना."
दोन थांब्यांच्या मध्ये थांबवायची नसते.
थांबवली.
टेकडीच्या कडेला नखाएवढा तांबूस तुकडा,
चाळीस दिवसांनी.
काचेतून ते जीवनसत्त्व येत नाही, मला सांगितलेलं.
इतक्या उत्तरेला, जानेवारीत, काचेबाहेरही येत नाही,
तेही सांगितलेलं.
मी दार उघडून खाली उतरले.
उणे एकोणीस. पापण्या चिकटत होत्या.
कोटाची वरची दोन बटणं काढून
गळा तिकडे केला.
फुलपाखराला दाखवावं तसा.
मग कुणी सांगितलं नव्हतं तरी
वळले.
काचांमागे माणसं बघत होती. एक म्हातारा, चष्मा धुरकटलेला,
उभ्याउभ्याच वळला.

चार मिनिटं उशीर.
नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं, "दार अडकलं."

मार्चमध्ये आकडा बावीस.
एल्मिरा तागिरोव्नांनी त्याभोवती गोल काढला,
शाळेतल्यासारखा.
माझ्याभोवती कुणी गोल काढला नाही.
बटाटे अजून कधी कधी
एकाच बटाट्यापाशी थांबतात.

पण परवा रात्री
लेकीचा फोन तिसऱ्या रिंगला उचलला.
"आई, आवाज घोगरा येतोय. झोपली होतीस?"
"हो," मी म्हटलं.
खोटं.
फोनसमोर बसले होते,
वाजायची वाट बघत.